रिकाम्या जागेला शून्य धरू नये

मी, अजिनाथ रामकिसन तांदळे, वय ५७ वर्षे, धंदा टायपिंग व संगणक शिकवणे, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही. त्याची एक झडप नीट मिटत नाही आणि पुढच्या सोमवारी तिचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. पण हे त्यांनी मला एकट्याला न सांगता घरच्यांना बोलावून सांगितले, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. नशापाणी मी करीत नाही; तंबाखू होती, ती मार्चमध्ये सुटली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

माझी मिळकत थोडी आहे आणि तिच्यावरून भांडण होईल असे वाटत नाही. या कागदात जपून वाचावे असे एकच प्रकरण आहे. माझ्या नावावर संगणकाच्या बारा ओळी आहेत. त्या ज्या मुलीकडे जाव्यात अशी माझी इच्छा आहे, तिच्यापासून आणि तिच्या आईपासून मी एक गोष्ट लपवली आहे. ती कलम सहामध्ये लिहिली आहे.

कलम १. केज येथील मोंढ्यामागचे दोन खोल्यांचे घर, पुढची पडवी, जिथे माझे टायपिंग केंद्र चालते ती खोली व तिथले सहा संगणक, तसेच बँकेत व पोस्टात जे काही असेल ते सर्व माझी पत्नी सौ. विजयमाला हिचे. घर विकावे, भाड्याने द्यावे की तिच्या बहिणीला आणून ठेवावे, हे तिने ठरवावे. या बहिणीबद्दल मी गेली तीस वर्षे जे बोलत आलो ते मागे घेतो, स्वयंपाकाबद्दलचे सोडून. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरून विजयमालाला जे ऐकावे लागले ते बहुतेक माझ्याच घरच्यांकडून, आणि मी तेव्हा गप्प बसलो. गप्प बसणे ही माझी जुनी खोड आहे. पुढे ती पुन्हा येईल.

कलम २. गावाकडची दीड एकर जमीन माझ्या धाकट्या भावाची. बांधावरचे लिंबाचे झाड कोणाच्या हद्दीत आहे यावरून आम्ही नऊ वर्षे एकमेकांच्या घरी जेवलो नाही. झाड त्याच्याच हद्दीत होते. मला माहीत होते.

कलम ३. केंद्रातील नऊ जुने टाइपरायटर, मशिन दुरुस्त करणारे बजरंग यांना द्यावेत. सन १९९९ मध्ये त्यांनी माझे तीन नंबरचे मराठी मशिन दुरुस्तीला नेले आणि परत आणले तेव्हा त्याचा रोलर दुसऱ्याच मशिनचा होता. बजरंग आजही नाही म्हणतात. आता सगळीच मशिने त्यांच्याकडे जात असल्याने हा वाद मी माझ्या बाजूने संपवतो.

कलम ४. बारा ओळींविषयी. हे कलम ज्यांना संगणकातले कळत नाही त्यांनीही वाचावे, अवघड नाही.

जावास्क्रिप्ट नावाची एक संगणकाची भाषा आहे. मोबाइलवर आपण जे फॉर्म भरतो त्यांच्यामागे बहुतेक वेळा तीच असते. भाषा कामाची आहे, पण तिचा स्वभाव मनानेच ठरवून मोकळे होण्याचा आहे. तिला ‘आकडा नव्हे’ अशी खूण दाखवून विचारले, हा कोणता प्रकार, तर ती सांगते, आकडा. ‘काहीच नाही’ दाखवले तर म्हणते, वस्तू आहे. आणि रिकाम्या जागेचा आकडा करून दे म्हटले तर बिनदिक्कत हातात शून्य ठेवते. समोर आलेला आकडा खरोखर आकडा आहे की नाही, हे ओळखणारा अकरा ओळींचा तुकडा मी २०१३ साली लिहिला आणि त्याचे नाव ‘खरा-आकडा’ ठेवले. अशा तुकड्यांना पॅकेज म्हणतात. ते इंटरनेटवरच्या एका सामायिक कोठारात ठेवता येतात, तिथून जगातला कोणीही प्रोग्रामर फुकट घेऊ शकतो. माझे एकाने आपल्या मोठ्या पॅकेजात घातले, ते तिसऱ्याने आपल्यात घातले, असे होत होत आता ते आठवड्याला तीन कोटी वेळा उतरवले जाते. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण ते घेतो आहोत हे माहीतही नाही.

ज्यांना माहीत आहे ते हसतात. एकाने लिहिले, ‘आकडा हा आकडा आहे का हे विचारायला पॅकेज? उद्या पाणी ओले आहे का याचेही काढा.’ दुसऱ्याने ‘डावा-पाय’ नावाचे खोटे पॅकेज कोठारात ठेवले आणि त्याच्या माहितीत लिहिले की हे चालताना लागते, उजव्यासाठी वेगळे घ्यावे. डावा-पाय मला आवडले. हसणाऱ्यांचे अगदीच चुकते असेही नाही. अकरा ओळींसाठी परक्या माणसावर विसंबायचे म्हणजे तो माणूस कोण आहे हे तरी माहीत हवे. पण त्याच अकरा ओळी स्वतः लिहायला बसलेले पुष्कळ जण मी पाहिले आहेत. ते हमखास रिकामी जागा विसरतात. मी विसरलो होतो म्हणून मला माहीत.

कौतुकाचे पत्र आजवर एकच आले, पेरू देशातल्या एका दवाखान्यातून. नर्सने रुग्णाची साखर तपासायची राहिली तर त्यांचा संगणक आता ती शून्य धरत नाही, असे त्या बाईंनी कळवले होते. पत्र छापून विजयमालाच्या कपाटात ठेवले आहे. ते तिच्याकडेच राहावे.

कलम ५. माझा पुतण्या सोमेश्वर पुण्यात मोठ्या कंपनीत प्रोग्रामर आहे. सन २०१९ मध्ये गेवराईला त्याच्या बहिणीची हळद होती तेव्हा तो एक टी-शर्ट घालून आला. टी-शर्टवर छातीभर माझ्या अकरा ओळी छापलेल्या होत्या आणि खाली इंग्रजीत लिहिले होते, ‘याला पॅकेज म्हणतात.’ त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून काढले होते. मांडवात तो मित्रांना सांगत होता, “कोण येडा असंल बे हा? एवढ्याशा कामाला पॅकेज काढून बसलाय.” मी जवळ जाऊन वाचले आणि म्हणालो, चौथ्या ओळीत एक कंस राहिलाय. तो म्हणाला, “काका, हे टायपिंग न्हाई, तुमाला न्हाई कळायचं.” मी बुंदी वाढायला निघून गेलो.

घरी आल्यावर मी कोठार उघडले आणि पॅकेज काढून टाकायच्या बटणापाशी गेलो. पूर्वी एका माणसाने रागाच्या भरात आपले असेच छोटे पॅकेज काढून घेतले होते आणि जगभर लोकांची कामे अडली होती. मलाही एक दिवस तसे व्हावे असे वाटले. विजयमाला चहा घेऊन आली. मी तिला सांगितले. ती म्हणाली, “त्या पेरूवाल्या बाईनं काय केलंय तुमचं? सोम्या बोलला तर सोम्याचा कान धरा.” मी कानही धरला नाही आणि बटणही दाबले नाही.

सोमेश्वरला पुढे कोणीतरी खरे सांगितले असावे. त्या दिवाळीला तो आला आणि टी-शर्ट घडी करून आमच्या पलंगावर ठेवून गेला. तो टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात आहे. सोमेश्वरला परत द्यावा आणि त्याने तो घालावा. चौथ्या ओळीतला कंस मी पेनाने भरला आहे.

कलम ६. सन २०१३ च्या ऑक्टोबरात मी एका संस्थेत संगणकाचे काम करीत होतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले गावातच राहून शिकावीत म्हणून ही संस्था हंगामी वसतिगृहे चालवी. गावोगावच्या मुलांची यादी करायची, सहा ते चौदा वयाची निवडायची आणि टोळीचा ट्रॅक्टर यायच्या आत नावे गावात पोचवायची, असे काम होते. आधी हे सगळे वहीवर चाले. ज्या मुलाचे वय कोणालाच माहीत नसे त्याच्याकडे बघून गुरुजी आठ किंवा नऊ लिहून टाकत. मला हे पटत नव्हते. मी फॉर्म तयार केला आणि यादी करणाऱ्यांना सक्त ताकीद दिली की अंदाजाने वय लिहायचे नाही. माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा, आपण नंतर विचारू. वहीत वयावाचून एकही मूल नव्हते. माझ्या फॉर्ममध्ये सात निघाली.

त्या सात रिकाम्या जागांचे माझ्या प्रोग्रामने शून्य केले. शून्य वयाचे मूल म्हणजे तान्हे, आणि तान्हे मूल आईबरोबर जाते. सातही नावे गळाली. मला कळायला चार दिवस गेले. सहा घरांचे ट्रॅक्टर अजून यायचे होते, ती मुले थांबली. सातवे घर चिंचवाडीचे, आश्रुबा आणि चंद्रभागाबाई घुगे यांचे. ते आदल्याच दिवशी कर्नाटकात निघाले होते, मुलगी राजनंदिनी हिला घेऊन. दरसाल टोळीबरोबर जावे लागत असल्याने तिला शाळेत घातलेच नव्हते, त्यामुळे कुठल्या दाखल्यावरही वय नव्हते. त्याच आठवड्यात मी त्या अकरा ओळी लिहिल्या, पुन्हा असे होऊ नये म्हणून. मुकादमाचा फोन नंबर संस्थेत होता. तो मात्र मी लावला नाही. साहेब विचारतील, चूक कोणाची, अशी भीती वाटली. ओळी लिहिणे त्यापेक्षा सोपे होते.

सन २०२२ मध्ये एक मुलगी टायपिंगला आली. पहिल्या आठवड्यात मी फक्त बोटे बघतो. डाव्या हाताची करंगळी ‘ए’ या अक्षरावर ठेवायची असते. ही मुलगी तिथे शेजारचे बोट नेत होती. मी दरडावून म्हणालो, करंगळी वापर. तिने हात वर करून दाखवला. करंगळी मधल्या पेरापासून नव्हती. “कोयता लागला, सर,” ती म्हणाली. “आमी कर्नाटकात गेलतो त्या साली. फडात.” तिचे नाव आणि गाव मी प्रवेशाच्या अर्जावर वाचले होते, पण तोवर मनात जोडले नव्हते.

त्या दिवशी मी तिला फी नको म्हणालो आणि कारण सांगितले नाही. ती समजली, सर दयाळू आहेत. तीन वर्षे ती तसेच समजते आहे. तिच्या घरून उडदाची डाळ येते, ती आम्ही खातो. मला या गोष्टीची लाज वाटते आणि ती मी इथे स्पष्ट लिहितो.

कलम ७. ‘खरा-आकडा’ या पॅकेजचा संपूर्ण ताबा कु. राजनंदिनी आश्रुबा घुगे हिला मिळावा. तिची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, जशी निम्म्या तालुक्याची आहे. ती आज बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्या केंद्रात दोन बॅच घेते, आणि बारावी ओळ तिची आहे. एकच आकडा असलेली यादी दिली तर माझ्या अकरा ओळी तिलाही आकडाच समजत. दहा वर्षांत कोणी पकडले नव्हते, तिने पकडले. ती ओळ घातल्यावर इंटरनेटवर एकाने लिहिले, ‘अभिनंदन, पॅकेज नऊ टक्क्यांनी वाढले.’ राजनंदिनी हसली. मी टक्केवारी तपासली, बरोबर होती.

कलम सहा वाचून ती ताबा नाकारील तर तो तिचा हक्क आहे. तसे झाल्यास पॅकेजवर ‘आता सांभाळणारे कोणी नाही’ एवढी सूचना लावावी, पण ते काढून टाकू नये. ‘तुम्ही थकला असाल, आम्ही सांभाळतो’ अशी गोड पत्रे मला गेली दोन वर्षे एका अनोळखी माणसाकडून येत आहेत. त्याला काहीही देऊ नये. ज्याला तीन कोटी घरांत एकदम शिरायचे आहे तोच बारा ओळींवर एवढी माया करतो.

पासवर्ड या कागदावर लिहीत नाही, मृत्युपत्र दहा जण वाचतात. तो बंद पाकिटात विजयमालाकडे आहे. पासवर्डनंतर माझ्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते घातल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून माझ्या मागे माझा नंबर घाईने बंद करू नये. ताबा बदलेपर्यंत विजयमालाने रिचार्ज चालू ठेवावा, सगळ्यात लहान चालेल.

कलम ८. हे कलम आज सह्या होण्याआधी जोडले आहे.

साक्षीदार म्हणून मी चंद्रभागाबाईंना मुद्दाम बोलावले होते. त्यांना वाचता येत नाही, आणि न वाचलेल्या कागदावर त्यांचा अंगठा घेणे मला शक्य नव्हते. दुसरे साक्षीदार हनुमान गुरुजी समोर असताना मी कलम सहा मोठ्याने वाचले. बाई म्हणाल्या, “म्हंजे, तिचं नाव लिवलं होतं?”

मी म्हणालो, होतं.

“मला वाटलं, लिवलंच न्हाई. तो यादीवाला पोरगा वय इचारीत होता न् मला सांगता येईना. विहिरीला पाणी लागलं त्या साली झाली, एवढंच मला म्हाईत. मला वाटलं माज्या येडपणापायी पोरीचं नाव गेलं. बोट तुटलं तवा बी त्येच वाटलं. आजवर त्येच वाटतंय.”

मला हे ठाऊक नव्हते. मी माझीच चूक एवढी वर्षे जपत बसलो आणि ती दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर असेल हे माझ्या मनात आले नाही.

बाई पुढे म्हणाल्या, “तुमाला समदं म्हाईत होतं, मग तोंड कावून उघडलं न्हाई?” मी शाईचा पॅड मिटून बाजूला ठेवला. “अंगठा देते मी,” बाई म्हणाल्या. “पर आधी पोरीला सांगा. तोंडानं सांगा. तुमी मेल्यावर कागूद वाचून तिला कळावं, आसं तिनं काय वाकडं केलंय तुमचं?”

राजनंदिनी चार वाजता बॅचला आली. मी दारातच सांगितले, कारण आत येऊन बसली असती तर माझा धीर गेला असता. तिने सगळे ऐकले. मग घड्याळ बघून म्हणाली, “पोरं थांबलीत,” आणि बॅच घ्यायला गेली. तासभर भिंतीपलीकडून ए, एस, डी, एफ ऐकू येत होते. तास संपवून ती आली ती आधी आईपाशी बसली. “आये, तुला इतकी वर्सं आसं वाटत होतं?” बाईंनी तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला.

मला ती म्हणाली, “सर, मला लई राग आलाय. तो आज जायचा न्हाई.” मी म्हणालो, जाऊ देऊ नकोस. थोड्या वेळाने ती म्हणाली, “ताबा घेते. पण तुमी गेल्यावर न्हाई, आत्ताच. आणि लोक इचारतात ना, हे कशाला काढलं म्हणून? तुमी कधी उत्तर दिलं न्हाई. तिथं मी लिहिणार.”

तिने माझ्यासमोर बसून पॅकेजच्या माहितीत चार ओळी लिहिल्या, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत: ‘चिंचवाडीच्या एका आईला लेकीचं वय सांगता आलं नाही. जागा रिकामी राहिली. मशिननं तिचं शून्य केलं. ती लेक मी आहे, आता हे पॅकेज मी सांभाळते.’ ‘ए’ आला की ती शेजारचेच बोट नेत होती. सहा आकडे माझ्या मोबाइलवर आले, मी वाचून दाखवले, ताबा तिच्या नावावर झाला. यामुळे कलम सातमधील वाटणी माझ्या हयातीतच पूर्ण झाली असून रिचार्जची सूचना रद्द समजावी. तिने मला माफ केले का, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. सोमवारी ऑपरेशनला विजयमालाबरोबर ती येणार आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नी विजयमाला हिने करावी. वरील मजकूर मी लिहिला, वाचून दाखवला आणि यातले काहीही मागे घ्यावेसे वाटत नाही म्हणून खाली सही करीत आहे.

ठिकाण: केज, जिल्हा बीड
दिनांक: ६ मे २०२५

लिहून देणार:
अजिनाथ रामकिसन तांदळे (सही)

आमच्या समक्ष सही झाली. साक्षीदार:

१. हनुमान सोनाजी केदार, वय ६८, निवृत्त शिक्षक, रा. केज (सही)

२. सौ. चंद्रभागाबाई आश्रुबा घुगे, वय ________, रा. चिंचवाडी, ता. केज (निशाणी अंगठा)

(क्रमांक दोनच्या वयाच्या जागी गुरुजी अंदाजाने पन्नास लिहीत होते. बाई नको म्हणाल्या. जागा त्यांच्या सांगण्यावरून रिकामी ठेवली आहे.)